बॉबिन आणि कच्चा दोरा

खोटं बोलायचंच असेल तर माणसानं निदान निभेल एवढं तरी बोलावं. टेलरमास्तरांना तेवढंही भान राहिलं नाही, आणि त्याला कारणही तसंच होतं. फोनवर लेक म्हणाली, "बाबा, माझी बदली झालीय. तुमच्या इथल्या मोठ्या दवाखान्यात," आणि मास्तरांच्या हातातली कात्री निसटून थेट गिऱ्हाइकाच्या बुटावर पडली.

सात वर्षं! सात वर्षांत लेकीनं घराचा उंबरा ओलांडला नव्हता. नर्सची नोकरी दुसऱ्या शहरात लागली तेव्हा मास्तरांनी जाऊ नको म्हणून आकाशपाताळ एक केलं होतं. शेवटी तर बस सुटायच्या वेळी त्यांनी तिच्या पिशवीचा पट्टा धरला तो सोडेनातच. तिनं खेचली, यांनी खेचली आणि पट्टा उसवून यांच्या हातात आला. स्वतः दुहेरी शिलाई घालून शिवलेला पट्टा! लेक बिनपट्ट्याची पिशवी छातीशी धरून निघून गेली. त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांनी फोन यायचा, तब्येत, हवापाणी, ठेवते. पट्टा मात्र शिवणयंत्राच्या ड्रॉवरमध्ये होता, बटणांच्या डब्याखाली.

"तीन आठवड्यांनी रविवारी येते," लेक म्हणाली. "पण एक सांगते. माझ्याबरोबर म्हातारी आहे. माझी कुत्री, इकडे आल्यावर सांभाळायला घेतलेली. तेरा वर्षांची झालीय, एका डोळ्यानं दिसत नाही, मागचे पाय दुखतात. तुमचा कुत्रा तिला त्रास देणार नसेल तर घरी राहीन. नाहीतर दवाखान्याचं क्वार्टर मिळतंय, तिथं राहते. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका."

"बॉबिन?" मास्तर म्हणाले. "अगं, गरीब गाय आहे गाय! मुंगीलासुद्धा वाट देतो."

उचलली जीभ लावली टाळ्याला! नेमकं त्याच क्षणी समोरच्या बेकरीतला पांढरा कुत्रा बाहेर आला, आणि दुकानाच्या काचेवर दोन्ही पाय रोवून बॉबिननं असा काही गहजब केला की मापं देण्यासाठी हात वर करून उभं राहिलेलं गिऱ्हाईक हात वर ठेवूनच मागच्या खोलीत गेलं.

"बाबा, तो आवाज कसला?"

"मशीन," मास्तर म्हणाले. "तेल संपलंय."

आता या बॉबिनबद्दल सांगायला हवं. तीन वर्षांचा, मातकट रंगाचा, एका कानानं उभा आणि दुसऱ्यानं आडवा. पिल्लू असताना स्वतःच्या शेपटीमागं गरगर फिरायचा म्हणून मास्तरांनी मशीनमधल्या दोऱ्याच्या फिरत्या रिळाचं नाव ठेवलं, बॉबिन. माणसं त्याला फार आवडायची. ट्रायलला आलेल्या माणसाच्या पायावर हनुवटी टेकून तो खुशाल झोपायचा. पण दुसरा कुत्रा दिसला की संपलं! मान ताठ, पाठीवरचे केस उभे, आणि मग उडी. मग तो समोरचा कुत्रा पायाएवढा असो की गाढवाएवढा. बेकरीवाल्याच्या पांढऱ्याचा कान त्यानं एकदा फाडला होता. मास्तर त्याला भल्या पहाटे फिरवायचे, गल्ल्या बदलून, कोपऱ्यावर आधी स्वतः डोकावून.

फोन ठेवला तेव्हा मास्तरांना इतका आनंद झाला की त्यांनी गिऱ्हाइकाला मिठी मारली, आणि पुढच्याच क्षणाला ते मटकन स्टुलावर बसले. लेक येणार! पण बॉबिन असा राहिला तर लेक शहरात येऊनही घरी येणार नाही. हे तर ती लांब असण्यापेक्षा वाईट.

पहिले दोन दिवस ओरडण्यात गेले. मास्तर ओरडले की बॉबिनला वाटे, हेही माझ्या बाजूनं भुंकतायत, आणि तो दुप्पट जोरात भुंके. तिसऱ्या दिवशी मास्तरांना झकास कल्पना सुचली. मुसकं! तोंडच बांधलं तर चावणार कसा? त्यांनी बॉबिनला समोर बसवलं, टेप काढली आणि नाकाची लांबी, जबड्याचा घेर, कानामागून गळ्यापर्यंत अशी रीतसर मापं घेऊन वहीत लिहिली. जाड कॅनव्हास, आतून मखमलीचं अस्तर, कडेनं पायपिंग. दुपारपर्यंत मुसकं तयार झालं. आणि काय फिटिंग! कुठं सुरकुती नाही, कुठं झोळ नाही. एखाद्या साहेबाला कोट बसणार नाही इतकं ते बॉबिनच्या थोबाडाला बसलं.

तेवढ्यात टपालबाई आत आल्या.

टपालबाई म्हणजे त्या भागात बावीस वर्षं टपाल वाटणारी बाई. पाय बसच्या चाकासारखे पक्के, आवाज खणखणीत. त्यांच्याकडे गादी नावाची एक अवाढव्य कुत्री होती, आणि ती नावाप्रमाणेच जिथं टाकाल तिथं पडून राहायची. बाई कोटाचा खिसा फाटला म्हणून आल्या होत्या, पण त्यांची नजर आधी बॉबिनवर गेली. तो दाराशी मान खाली घालून उभा होता आणि मुसक्याच्या कडेतून लाळ गळत होती.

"हे कोणी शिवलं?"

"मीच," मास्तर छाती फुगवून म्हणाले.

"सुरेख आहे. आत्ताच्या आत्ता काढा."

"का बरं?"

"अहो, कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. तोंड उघडून, जीभ काढून धापा टाकल्या तरच अंगातली उष्णता बाहेर जाते. तुम्ही माप घेताना त्याचं तोंड मिटलेलं होतं ना? मुसक्याचं माप तोंड उघडं असताना घ्यायचं असतं. आत जांभई देता आली पाहिजे, पाणी पिता आलं पाहिजे. चांगल्या फिटिंगनं जीव घ्याल एखाद्या दिवशी!"

मास्तरांचा चेहरा पडला. चाळीस वर्षांत त्यांच्या फिटिंगला कोणी नाव ठेवलं नव्हतं. त्यांनी घाईघाईनं मुसकं सोडलं, बॉबिनला पाण्याचं भांडं दिलं, आणि तो पाणी पीत असताना स्टुलावर बसून बाईंना सगळं सांगून टाकलं. लेक, म्हातारी, क्वार्टर, गरीब गाय, सगळं.

"मशीनचं तेल?" बाईंनी विचारलं, आणि त्या इतक्या हसल्या की त्यांना कोट टेबलावर ठेवावा लागला.

"बाई, भुंकणारं कुत्रं चावत नाही म्हणतात ना?"

"ही म्हण ज्यानं काढली त्यानं टपाल वाटलेलं नसणार," बाई म्हणाल्या. त्यांनी डोळे पुसले. "किती दिवस आहेत?"

"अठरा."

"अठरा दिवसांत कुणाचा स्वभाव बदलत नाही, मास्तर. तुमचा नाही आणि त्याचाही नाही. पण त्या म्हातारीशेजारून सरळ चालण्याइतकं जमेल. कदाचित. उद्या दुपारी माझी फेरी संपली की मैदानावर या. उकडलेल्या कोंबडीचे बारीक तुकडे आणा. आणि जाळीचं मुसकं विकत आणा. शिवू नका!"

दुसऱ्या दिवशी मैदानाच्या एका टोकाला गादी पसरली होती आणि दुसऱ्या टोकाला मास्तर. मधे चांगलं शंभर पावलांचं अंतर. मास्तरांना गादी दिसली. त्यांनी पट्टा तळहाताभोवती एकदा गुंडाळला, दोनदा गुंडाळला, कोपर अंगाशी घेतलं. मग बॉबिनला गादी दिसली आणि मैदानावरची पाखरं उडाली!

"पट्टा इकडे द्या," बाई म्हणाल्या.

त्यांच्या हातात पट्टा गेला तो जमिनीला टेकेल इतका सैल. बॉबिननं गादीकडे पाहिलं. बाईंनी लगेच कोंबडीचा तुकडा दिला. तो दोनदा भुंकला, पाहिलं, तुकडा. पुन्हा पाहिलं, तुकडा. पाचव्या वेळेला त्यानं गादीकडं पाहून आपण होऊनच बाईंकडे तोंड वळवलं, आता आणा म्हणून.

मास्तर आ वासून बघत राहिले. "काय जादू केलीत?"

"जादू कसली डोंबलाची! तो तुमच्या हाताकडे बघून वागतो. तुम्ही कुत्रा त्याच्या आधी बघता आणि पट्टा खेचता. त्याला अंगावर झटका बसला की कळतं, मास्तर घाबरले. आणि मास्तरांसारखा माणूस घाबरला म्हणजे समोरचा कुत्रा नक्की राक्षस असणार! मग तो बिचारा तुम्हाला वाचवायला धावतो."

हे मास्तरांना लागलं. "बाई, हा हात चाळीस वर्षं दोरा ताणून धरतोय. दोऱ्याला ताण नसेल तर टाका बसत नाही. हात सैल सोडला असता तर निम्म्या गावाच्या पँटी उसवल्या असत्या."

"मग आता हाताला दुसरं शिकवा."

सांगणं सोपं होतं. मास्तर मनात म्हणायचे सैल, सैल, सैल, आणि लांब एखादं शेपूट हललं की हात आपोआप गुंडाळायला लागायचा. जित्याची खोड! तीन दिवस बाईंनी हे बघितलं. शेवटी त्यांच्या नाकी नऊ आले. त्यांनी विचारलं, "तुमच्या दुकानात सगळ्यात कच्चा दोरा कोणता?"

"टाचायचा. पांढरा. ट्रायलच्या आधी कापड तात्पुरतं टाचतो ना, तो. जरा ओढला की तुटतो. तुटावा म्हणूनच असतो."

"तोच आणा."

बाईंची युक्ती अशी होती. बॉबिनच्या अंगात मास्तरांनी शिवलेला छातीपट्टा. (हा मात्र बाईंनी त्यांना शिवू दिला, तोही दोन बोटं सैल.) त्याला दोन दोर. एक मजबूत, तो मास्तरांच्या कमरेच्या जाड पट्ट्याला अडकवलेला, लांब आणि ढिला, म्हणजे काही झालं तरी बॉबिन सुटायचा नाही. दुसरा हातातला. पण हातातला दोर आणि मास्तरांचं बोट यांच्यामध्ये वीतभर टाचायचा दोरा. मास्तरांनी खेचलं की दोरा तुटणार.

"दोरा तुटता कामा नये," बाई म्हणाल्या. "बस, एवढंच."

कुणाला वाटेल यात काय मोठंसं! पण शिंप्याच्या हातात दोरा तुटणं म्हणजे काय असतं ते शिंप्यालाच विचारा. पहिल्या दिवशी दोरा अकरा वेळा तुटला आणि अकराही वेळा मास्तरांचे कान लाल झाले. दुसऱ्या दिवशी नऊ. तिसऱ्या दिवशी पुन्हा अकरा, कारण बेकरीवाला पांढऱ्याला घेऊन मैदानावर बघायला आला होता आणि त्याला दर वेळी आपलं मत द्यायचं होतं. "कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच हो मास्तर!"

पण आता मास्तरांना चेव चढला. ते दुकानात डाव्या हाताच्या बोटाला दोरा बांधून, त्याचं दुसरं टोक दाराच्या कडीला बांधून काम करू लागले. गिऱ्हाईक दार उघडे, मास्तर दोऱ्यामागं धावत. मैदानावर अंतर पावलांनी मोजणं त्यांना पटेना. त्यांनी टेप आणली, आणि बॉबिन कुठं शांत राहतो आणि कुठं त्याचे केस उभे राहायला लागतात ते खडूनं जमिनीवर आखलं. पंचाण्णव फूट चार इंच. मग ऐंशी फूट. मग बासष्ट. रोज रेघ थोडी पुढं, आणि एखाद्या दिवशी बिनसलं तर मुकाट्यानं मागं. बाई म्हणायच्या, घाई केलीत तर सगळं उसवेल. मास्तर रात्री झोपताना लेकीच्या खोलीचं दार उघडून एकदा बघत, चादर नीट करत, आणि दुसऱ्या दिवसाची कोंबडी उकडायला ठेवत.

पंधराव्या दिवशी गादीपासून बारा फुटांवर दोरा फक्त एकदा तुटला. फक्त एकदा! मास्तरांनी बाईंना हात धरून गरगर फिरवलं, बॉबिन दोघांभोवती फिरला, आणि गादीनं एक डोळा उघडून परत मिटला.

"अजून तीन दिवस आहेत," बाई म्हणाल्या. "एकदाही न तुटता जमलं पाहिजे. आणि रविवारी मी बरोबर असेन. एकट्यानं काही करू नका."

पण ठरवलेल्या दिवशी घडेल ती गोष्ट कसली! सोळाव्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी सकाळी अकराला, मास्तर बॉबिनला घेऊन कोपऱ्यावरून परत येत होते. कमरेला दोर, बोटाला दोरा, बॉबिनच्या तोंडावर जाळी. बाई टपाल घेऊन तीन गल्ल्या पलीकडे. दुकानासमोर एक टेम्पो थांबला. मागं दोन ट्रंका, एक खुर्ची, एक कुंडी. पुढचं दार उघडलं आणि आतून लेक उतरली. तिनं दोन्ही हातांनी एक करडी, थुलथुलीत कुत्री उचलून खाली ठेवली, आणि वळली.

"बाबा! टेम्पो आजच मिळाला!"

सात वर्षं! केस आखूड झाले होते, चष्मा आला होता, पण हाक तीच. मास्तरांचे पाय धावायला निघाले. आणि खाली, गुडघ्यापाशी, बॉबिनचा उभा कान ताठ झाला.

ती पुढं येत होती. चाळीस फूट. पस्तीस. म्हातारी लंगडत, नाक वर करून, तिच्या बरोबरीनं. मास्तरांना बॉबिनच्या पाठीवरचे केस एकेक करून उभे राहताना दिसत होते. दुकानाच्या मागच्या दाराकडे जाणारा बोळ डाव्या हाताला होता. बॉबिनला खेचून आत कोंडायचं, हसत बाहेर यायचं. झोपलाय म्हणायचं. खोटं दोन दिवस तरी निभलं असतं! हात दोर गुंडाळायला निघालाच होता. बोटाला दोरा काचला.

मास्तरांनी हात उघडला.

"थांब!" ते ओरडले. "तिथंच थांब! पुढं येऊ नकोस!"

लेक जागच्या जागी थिजली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. सात वर्षांपूर्वी बसच्या दारात होता तसाच चेहरा झाला तिचा.

"मी खोटं बोललो!" ते सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं ओरडले. "बॉबिन गाय नाही! वाघ आहे! दुसरा कुत्रा त्याला चालत नाही! पण आम्ही शिकतोय! तू पलीकडच्या फुटपाथवर जा आणि चालायला लाग! मी इकडून चालतो! चालता चालता सांगतो!"

बेकरीवाला पावांचा ट्रे घेऊन दारात उभा राहिला. टेम्पोवाल्यानं इंजिन बंद केलं. लेक क्षणभर बापाकडं पाहत राहिली; बोटाचा दोरा, कमरेचा दोर, खिशातून डोकावणारी कोंबडीची पिशवी. मग ती पलीकडं गेली आणि चालायला लागली.

आणि अशी ती मिरवणूक निघाली! या फुटपाथवर मास्तर आणि बॉबिन, त्या फुटपाथवर लेक आणि म्हातारी, मधे रस्ता, गाड्या, सायकली. सगळे एकाच दिशेला, एकाच चालीनं. बॉबिननं पलीकडं पाहिलं, मास्तरांनी तुकडा दिला. पाहिलं, तुकडा. पहिल्या चौकापर्यंत तो चार वेळा गुरगुरला. दोरा शाबूत होता.

"मला ठाऊक होतं!" लेक पलीकडून ओरडली.

"काय?"

"मशीन भुंकतं का बाबा?"

मास्तरांना हसू फुटलं, आणि हसताना हात आणखी सैल झाला. मग मधून बस गेली आणि ती जाईपर्यंत दोघंही थांबून राहिले.

"कुणी शिकवलं हे?"

"टपालबाई! म्हणाल्या कुत्र्यात दोष नाही, माझ्या हातात आहे! मी खेचतो! म्हणून तो बिथरतो!"

लेक नुसती चालत राहिली, पण आता तिची मान बापाकडं वळलेली होती.  आपण जे ओरडलो ते फक्त कुत्र्याचं नव्हतं हे मास्तरांना ओरडून झाल्यावर कळलं.

दुसरी फेरी. तिसरी फेरी. बॉबिन आता गुरगुरत नव्हता, तुकड्यासाठी आधीच तोंड वर करत होता. लेक रस्ता ओलांडून याच फुटपाथवर आली, तीस फूट पुढं. मग पंचवीस. दुकान जवळ आलं. आणि तेवढ्यात बेकरीच्या दारातून, ट्रे धरलेल्या मालकाच्या दोन पायांमधून, पांढरा सुटला!

तो थेट बॉबिनसमोर येऊन भुंकायला लागला. बॉबिननं झेप घेतली. दोरा ताणला गेला, तारेसारखा सरळ! मास्तरांच्या चाळीस वर्षांच्या हाताला एकच गोष्ट येत होती: खेचणं. त्यांनी खेचलं नाही. त्यांनी पाय उचलले! साठ वर्षांचा, पोट सुटलेला तो माणूस दोऱ्यामागं असा धावला, एका टांगेत गटार ओलांडून, पावांच्या टोपलीला वळसा घालून, हात पुढं लांब करून, की बघणाऱ्याला वाटावं कुत्र्यानंच यांना फिरायला आणलंय. दोऱ्याला झोळ आला. धाप लागलेल्या आवाजात, पण न ओरडता, मास्तर म्हणाले, "बॉबिन."

आणि बॉबिन वळला. पांढरा तीन फुटांवर भुंकत असताना त्यानं मान फिरवून मास्तरांकडं पाहिलं. का, मास्तर? आता काय?

"चल," मास्तर म्हणाले, आणि दोघं चालू लागले. मागं बेकरीवाल्यानं ट्रे खाली टाकून पांढऱ्याला उचललं होतं. त्याच्या तोंडातून मत म्हणून एक शब्द फुटला नाही.

दुकानाच्या दाराशी लेक उभी होती. म्हातारीच्या पायांनी आता संप पुकारला होता. ती उंबऱ्यावरच बसली, रस्त्याकडं पाठ करून. मास्तर बाजूबाजूनं, वळसा घेत जवळ आले. दहा फूट. सहा. बॉबिननं जाळीतून नाक पुढं काढलं आणि म्हातारीच्या शेपटीपाशी हुंगलं. एक, दोन, तीन. मास्तरांनी हलकेच हाक मारली, तो वळला, तुकडा खाल्ला. म्हातारीनं दिसणारा डोळा त्याच्याकडं लावला, एक लांब सुस्कारा टाकला आणि आडवी झाली. बॉबिन थोडा वेळ उभा राहिला. मग पाच फुटांवर, जमिनीवर पोट टेकून, तोही बसला.

मास्तरांनी बोट वर केलं. दोरा बोटाला होता, आणि त्याचं दुसरं टोक दोराला. एकदाही तुटला नव्हता.

आत गेल्यावर लेकीनं पर्समधून एक किल्ली काढून टेबलावर ठेवली. "क्वार्टरची," ती म्हणाली. "मी आधीच घेऊन ठेवली होती. मला तुमच्या गायीवर भरवसा नव्हता."

मास्तरांच्या ओठांवर सगळं तयार होतं. अगं, खोली तयार आहे. चादर नवी आहे. बापाला सोडून तिकडं कुठं राहतेस? एकेक शब्द बाहेर यायला धडपडत होता. त्यांनी कमरेचा दोर काढून खुंटीला लावला. बॉबिनला जाळी काढून पाणी दिलं, पण दार मधे ओढून घेतलं, म्हातारी दाराबाहेर, हा आत. मग ते म्हणाले, "बरं केलंस. तुला आणि तिला जिथं बरं वाटेल तिथं राहा. ही दोघं लगेच एका खोलीत राहायची नाहीतच. दिवस लागतील. तू तिकडं राहिलीस तरी मी रोज फिरवायला येईन. पलीकडच्या फुटपाथवरून."

हे बोलताना त्यांना रडू येत होतं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

 बाहेर टेम्पोवाल्यानं एकदा हॉर्न दिला. लेकीनं दारातून त्याला हातानं खूण केली, सामान उतरवा. मग खांद्यावरची जुनी पिशवी काढून मास्तरांसमोर टेबलावर ठेवली. पट्ट्याच्या जागी सुतळीचा तुकडा गाठ मारून बांधलेला होता, इतका जुना की काळा पडलेला.

"याला पट्टा लावायचाय," ती म्हणाली.

मास्तरांनी ड्रॉवर ओढला, बटणांचा डबा बाजूला केला आणि पट्टा काढून पिशवीशेजारी ठेवला. लेकीनं तो ओळखला. तिनं त्यावरून बोट फिरवलं, दुहेरी शिलाईवरून, शेवटच्या उसवलेल्या टाक्यापर्यंत.

चाळीस वर्षं ते प्रत्येक गिऱ्हाइकाला जो प्रश्न विचारत आले होते, तोच त्यांनी विचारला, कारण दुसरं काही सुचेना. "कधी हवीय?"

"घाई नाही," लेक म्हणाली. "मी आहे इथंच."

मास्तरांनी सुई घेतली. पहिल्यांदा दोरा सुईत गेला नाही. दुसऱ्यांदाही गेला नाही. तिसऱ्यांदा लेकीनं त्यांच्या हातून सुई घेतली आणि ओवून दिली.